उजव्या बाजूची कड

भाऊ कुठलीही वस्तू आधी डोळ्यांनी बघत नसत. आधी उजव्या हाताचा अंगठा तिच्या कडेवरून सावकाश फिरवीत, मान जराशी तिरकी करून, आणि मगच तोंड उघडीत. चवथीला आमच्याकडे आले, तर गणपतीला हात जोडायच्या आधी टाचा उंच करून, गणपतीवर फळंफुलं टांगतात त्या माटोळीच्या लाकडी चौकटीवर अंगठा फिरवला. "हंय जरा तासूक होया," म्हणाले. माझे सासरे देवासमोर बसले होते, त्यांनी कपाळाला हात लावला. लग्नाच्या पंगतीत ताटाची कड, दुकानात कोयत्याची मूठ, शेजाऱ्याच्या नव्या स्कूटरचं बॉनेट, काही सुटायचं नाही. कोणी हसलं तर ठरलेलं उत्तर: "बाय, डोळो फटवता. आंगठो फटवणा नाय."

डोळ्याचं खरंच होतं. डिचोलीकडच्या खाणीवर मशिनरी दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. तिथेच कधीतरी लोखंडाचा कीस डाव्या डोळ्यात गेला आणि त्या डोळ्याला नुसता उजेड तेवढा राहिला.

तुम्ही म्हणाल, असा एखादा माणूस प्रत्येक गावात असतो. असेल हो. पण तुमच्या गावातल्याने काजूच्या बागेत विमान बांधलंय? आमच्या धारगळच्याने बांधलं.

सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही म्हणायची. माझं माहेर लाटंबार्शाचं. लग्न होऊन धारगळला आले आणि वर्षभरात तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका कारखान्यात कामाला लागले. आम्ही फायबरचे दरवाजे करायचो, टाक्या करायचो, मासे पकडणाऱ्या रापणकारांच्या होड्या करायचो. कापड पसर, रेझिन लाव, रोलर फिरव, वाळलं की काचकागदाने घास. बारा वर्षं हेच. एके दिवशी भाऊ टाकी घ्यायला आले. टाकी राहिली बाजूला, झाकणाच्या कडेवरून अंगठा एक पूर्ण फेरी मारून आला.

"ह्यां कोणी केलां?"

साहेबाला वाटलं, तक्रार आहे. त्याने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. माणसं कशी असतात बघा! भाऊ माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाय, आयतवारी येशीत? इमानाचां काम आसा."

मला वाटलं, चतुर्थीच्या देखाव्यातलं विमान. गेले, तर काजूच्या बागेत गोठ्याच्या जागी पत्र्याची शेड आणि शेडीत खरंखुरं, दोन माणसं बसतील एवढं विमान. आत फोम, वरून काचेचं कापड, वर रेझिन. म्हणजे माझंच काम, फक्त बारीक. एका पंखावर काकींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, पापड वाळत घातले होते.

"गोरवां इकून हेका घर दिलां," काकी मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "गोरू निदान दूद तरी देय होता."

काकींचा खरा राग दुधाचा नव्हता. विमान उडवणार होती त्यांची एकुलती एक मुलगी. ती बाहेरगावी विमान चालवायला शिकवायची. भाऊंना डोळ्यामुळे परवाना मिळणं शक्य नव्हतं. "माका उडूक गावाचां नाय, पण माजां इमान उडतलां," असं ते म्हणायचे, आणि काकी उठून आत जायच्या. विमानाला आठ वर्षं लागली. त्याचे कागद, सह्या, तपासण्या यांना किती लागली ते विचारू नका, कागद विमानापेक्षा जड झाले होते.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण तिच्यावरच सगळं अडलं.

या विमानाचं इंजिन पाठीमागे होतं, विमान ढकलणारा पंखाही पाठीमागे. म्हणजे इंजिनावर सरळ वारा येणार नाही. वारा नाही तर ते तापणार, आणि आकाशात इंजिन तापून बंद पडलं तर गाडीसारखं बाजूला घेऊन उभं करता येत नाही. म्हणून विमानाच्या दोन्ही कुशींना एकेक खाच करायची होती, हवा आत घेण्यासाठी. बाहेर काही येता कामा नये, सुपासारखं नाही, कानासारखं नाही. सगळं अंगातच. पुढे बोटाएवढी अरुंद सुरुवात, मग हळूहळू रुंद होत आणि खोल होत जाणारा उतार, आणि शेवटी आत जाणारं तोंड.

मी म्हटलं, "भाऊ, उलटं केलंत. रुंद बाजू पुढे हवी. मानशीला जाळं कसं लावतात? तोंड मोठं आणि मागे निमुळतं." खाजनातल्या मानशीवर, म्हणजे खाडीचं पाणी शेतात आतबाहेर सोडणाऱ्या दारावर, माझ्या सासऱ्यांचं आयुष्य गेलं होतं, म्हणून मी जरा तोऱ्यातच बोलले.

"पाणी ढकलून आत येता गो. वाऱ्याक ओढून घेवक होया." मग त्यांनी समजावलं. वारा अंगाला चिकटून येतो. खाचेच्या दोन्ही बाजूंच्या कडा जर कोयत्यासारख्या असतील, तर त्यांच्यावरून घसरताना वाऱ्याला पीळ पडतो आणि तो पीळच बाकीचा वारा आत ओढतो. कडा बोथट असतील तर वारा तसाच वरून निघून जातो. पाठीमागचा ओठ मात्र उंड्याच्या, आमच्या गोल पावाच्या, पाठीसारखा गोल हवा, तिथे धार नको.

मला काही पटलं नाही. मी तसं तोंडावर सांगितलं. भाऊंना राग येत नसे. म्हणाले, "माका इचारू नको. वाऱ्याक इचार."

आणि खरंच विचारायला नेलं. फायबरच्या एका फळीत दोन खाचा केल्या, एक धारेची, एक बोथट. फळी पिकअपच्या बाजूला उभी बांधली, आणि काकींच्या विणकामातली लाल लोकर चोरून तिचे वीतभर धागे दोन्ही खाचांपुढे चिकटवले. माझा घोव, म्हणजे नवरा, गाडी चालवत होता, भाऊ त्याच्या बाजूला, आणि मी पाठी हौद्यात बसून धागे बघत. हायवेला गाडी पळाली आणि काय सांगू, बोथट खाचेवरचे धागे सरळच्या सरळ वरून गेले, आणि धारेच्या खाचेवरचे पिळवटून आत शिरले. मी हौद्यातून ओरडायला लागले, "भितर गेले! भितर गेले!" पुढच्या वळणावर पोलिसाने अडवलं. लाल धागे लावलेली फळी, पाठीमागे ओरडणारी बाई. त्याने आधी विचारलं, कुठल्या देवाचा नवस. भाऊ म्हणाले, "आमी वाऱ्याक इचारतंव." झालं, पोलिसाने तिघांच्याही तोंडाचा वास घेतला.

हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरीही मी ती चूक केली, म्हणून तर सांगते आहे.

डाव्या कुशीची खाच भाऊंनी स्वतः घासून पुरी केली. उजवी अर्धी झाली आणि डोळ्याच्या तपासणीसाठी मुलगी त्यांना घेऊन गेली. जाताना म्हणाले, "उरलेलां तू बघ." एवढा भरवसा माझ्या साहेबाने बारा वर्षांत दाखवला नव्हता. मी कारखान्यातून दोन दिवस सुट्टी घेतली आणि बसले.

दुसऱ्या दिवशी घासता घासता कडेचा टवका उडाला, नखाएवढा. आता, आमच्या कारखान्याचा पहिला नियम काय? कड दिसली की मार गोल. टोकदार कड फुटते, पोरांना लागते, गिऱ्हाईक परत येतं. माझ्या हाताने मला विचारलंसुद्धा नाही. पुट्टी भरली, गोल केली. एक बाजू गोल झाली म्हणून दुसरीही केली. वर प्रायमर मारला. आणि ती अशी देखणी दिसली म्हणता! भाऊंच्या डावीपेक्षा कितीतरी सुंदर. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या. मनात कुठेतरी टोचत होतं, नाही असं नाही. पण मी म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय.

भाऊ परत आले. उजव्या खाचेशी वाकले. अंगठा कडेवरून गेला, मध्ये थांबला, परत पाठी आला. मी श्वास धरून उभी.

"बरी दिसता," ते म्हणाले आणि हात पुसत बाहेर गेले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. "दिसता" हा शब्द त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. पण मी खुळी, दोन दिवस हवेत होते.

पंख सोडवून विमान ट्रकवर चढवलं आणि घाटावर एका खाजगी धावपट्टीवर नेलं. ट्रक माझ्या घोवाने चालवला. खाणी चालू असताना तो खनिज ओढायचा, "पैल्यांदाच असो माल भरलंय जो माझ्याआदी पोचात," असं रस्ताभर म्हणत होता. काही फुटलंबिटलं तर दुरुस्तीला म्हणून मीही सोबत. काकी येणार नव्हत्या, शेवटच्या घटकेला पिशवी घेऊन ट्रकात येऊन बसल्या.

तिथे पंख जोडले, तपासण्या झाल्या, आणि मुलीने विमान जमिनीवरच पळवून बघायला सुरुवात केली. पहिल्या जोराच्या फेरीनंतर ती खाली उतरली ती कपाळाला आठी घालून. डावी बाजू ठीक होती, उजव्या बाजूची सिलिंडरं तापत होती. परत पळवलं, परत तेच. भाऊंनी आणि तिने झाकण उघडून इंजिनातलं सगळं बघितलं. तापमान दाखवणाऱ्या वायरी डावीच्या उजवीला लावून बघितल्या. तरी उजवीच तापली. म्हणजे काटा खोटं बोलत नव्हता.

सगळे इंजिनात डोकं घालून उभे होते. मी उजव्या कुशीशी फडकं घेऊन उभी होते, आणि माझी बोटं त्या गोल, गुळगुळीत, देखण्या कडेवर होती. हायवेवर सरळच्या सरळ वरून गेलेले ते लाल धागे मला आठवले.

मी बोलले का? नाही. खोटं कशाला सांगू? जेवणं झाली, चहा झाला, मी बोलले नाही. वाटलं, दुसरंच काहीतरी निघेल. वाटलं, भाऊंनी अंगठा फिरवला होता, त्यांना कळलं असतं. वाटलं, आठ वर्षांच्या कामाला माझ्या हाताने खोट आणली हे एवढ्या माणसांत कसं सांगू. कारखान्यात चूक झाली की आधी गप्प राहायचं, हेही बारा वर्षांत शिकले होतेच.

दुपारनंतर मुलगी म्हणाली, "बाबा, वेग वाढला की वारा जास्त मिळेल. एकदा उडवून बघते. एक फेरी मारून लगेच खाली घेते." तिची रजा संपत आली होती. भाऊ खाचेकडे बघत राहिले. ती चढली, पट्टे बांधले, इंजिन सुरू झालं. काकींनी डोळे मिटले आणि दोन्ही हात छातीशी धरले.

ते हात बघितले आणि माझे पाय सुटले. साडीचा काष्टाबिष्टा काही न बघता मी पळत विमानासमोर जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "थांब गो! बंद कर! बंद कर तां!"

इंजिन थांबलं. भाऊ पाठोपाठ धावत आले.

"मिया कड गोल केलंय, भाऊ," मी म्हटलं. "टवको उडालो, मिया पुट्टी भरून गोल केलंय. माका ठावक होता. सकाळपासून ठावक होता."

मला वाटलं, आता हा माणूस मला जन्मात तोंड दाखवू देणार नाही. भाऊ विमानाच्या पंखाला धरून खाली बसले. 

"माकाय ठावक होता," ते म्हणाले. "आंगठ्याक त्याच दिसा कळला. तू येवढ्या हौसेन केलं होतंस, शेजारणी बघूक येय होते. तुका वायट वाटात म्हणान गप रवलंय. भीड धरलंय गो." मग विमानात बसलेल्या मुलीकडे बघून म्हणाले, "वाऱ्याक भीड नसता."

काकी तोवर पोचल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आयुष्यभर नवऱ्यापुढे हळू बोलणारी बाई, पण त्या दिवशी धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं असेल. "चेडवाच्या जिवापरास तुमची भीड मोठी? एक तोंड मिटून आसा, दुसरो तोंड मिटून आसा! तोंडां देवान कित्याक दिली? पेज जेवूक?" आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखी मान खाली घालून उभी. आणि खरं सांगते, एवढा ओरडा खाऊन इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत मी पुट्टी पार खरवडून काढली. कडेवर नवं कापड बसवलं, रेझिन भरलं. भाऊ बाजूला बसून होते. दर पाच मिनिटांनी अंगठा आणि दर पाच मिनिटांनी शेरा. "हंय जाड. हंय वाकडी. हंय परत." मी म्हणायची, "आणि?" ते आणखी सांगायचे. दुसरा अख्खा दिवस कड उन्हात सुकवली, मग एकशेवीस नंबरच्या काचकागदाने घासली. शेवटी अंगठा फिरवून त्यांनी मला दाखवला. अंगठ्यावर रक्ताचा बारीक थेंब होता. "जाली," म्हणाले, आणि अंगठा तोंडात घातला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर पळवलं. उजवी डावीच्या बरोबरीने थंड. परत पळवलं, तेच. मग काकींनी स्वतः विमानाच्या नाकावर हार घातला, उडून मागच्या पंख्यात जाईल म्हणून मुलीने तो काढून ठेवला, आणि ते उडालं.

सगळे वर बघत होते. भाऊ सोडून. ते धावपट्टीवरच्या शेडीच्या पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसले होते आणि हत्यारांच्या पेटीतले पाने एकेक करून पुसत होते. सगळे पुसून झाले की पहिल्यापासून परत. मी विचारलं, "भाऊ, बघत नाही?" तर म्हणाले, "तू सांग. गप रवू नको." मग मी सांगत राहिले. आता वळली. आता त्या झाडावर आहे. आता परत येते. काकींनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी पिचली.

चाकं टेकली, इंजिन बंद झालं, आणि काकी आहेत तिथेच जमिनीवर बसल्या आणि हसायला लागल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत हसताना पहिल्यांदा बघितलं. सुटलो बाई, असं मी मोठ्याने म्हटलं की मनात, आठवत नाही.

भाऊ गेले त्याला आता दोन वर्षं होतील. विमान घाटावरच आहे, मुलगी अधूनमधून उडवते. शेड रिकामी झाली, काकींनी परत एक गाय घेतली. लोक विचारतात, भाऊ कसे होते, तर काकी त्यांचा हार घातलेला फोटो दाखवतात. मला मात्र भाऊ म्हटलं की त्या दिवशीचं पुढचं दिसतं, तेवढं सांगून थांबते.

मुलगी विमानातून उतरली आणि मांडीला पट्ट्याने बांधलेल्या कागदावरून आकडे वाचायला लागली. डावी एवढी, उजवी एवढी.

"परत वाच," भाऊ म्हणाले.

तिने परत वाचलं. उजवी डावीपेक्षा चार अंशांनी थंड होती.

भाऊ माझ्याकडे वळले. "माझ्या बाजूक काय चुकला गो? सांग. भीड धरू नको."

मी आधी काकींकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी सांगून टाकलं, "भाऊ, डावीचो पाटलो ओठ चपटो जालो हा. उंड्यासारखो नाय, चपातीसारखो."

"कधीपासून ठावक तुका?"

"म्हयनो जालो."

काकींनी कपाळ बडवलं. मुलगी विमानाला टेकून हसायला लागली. त्यांची आठ वर्षांची मेहनत नुकतीच आकाशात जाऊन सुखरूप खाली आली होती, लोक हात मिळवायला येत होते, कोणी फोटोसाठी उभं राहायला बोलावत होतं, काकी गूळखोबऱ्याचं ताट पुढे करत होत्या. आणि भाऊ विमानाच्या डाव्या कुशीखाली पाठीवर निजून सरपटत आत गेले. झिजलेल्या चपलांतले दोन पाय तेवढे बाहेर राहिले, आणि आतून आवाज आला, "बाय, कागद घेवन ये. एकशेवीसचो."